सावळ्या पापणीला अभय कोणी दिलं?

कातडीचा कॅन्सर म्हणजे गोऱ्यांचा आजार, मराठवाड्याच्या उन्हात रापलेल्यांना त्याचं काय भय? छत्रपती संभाजीनगरात हे मत शिकलेली माणसंही ठासून मांडतात. ते अगदीच निराधार नाही. मेलॅनिन अतिनील किरणं बऱ्याच अंशी अडवतं. गोऱ्या लोकांत पापणीच्या कॅन्सरपैकी ८० ते ९० टक्के बेसल सेल कार्सिनोमा असतो. आपल्याकडे त्याचा वाटा बराच कमी. इथवर पूर्वपक्ष मान्य.

पण पापणी म्हणजे नुसती कातडी नव्हे. तिच्या आत मायबोमियन नावाच्या तेलग्रंथींची रांग असते, वरच्या पापणीत जास्त. त्यांतून उठणाऱ्या सिबेशियस कार्सिनोमाला मेलॅनिनचा पहारा फारसा आडवा येत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पापणीच्या कॅन्सरच्या पाचशेहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला, त्यांत निम्म्याहून अधिक याच प्रकारचे निघाले. गोऱ्यांत विरळा असलेला कॅन्सर तिथे पहिल्या क्रमांकावर!

शिवाय तो येतो रांजणवाडीच्या वेषात. घरी लवंग उगाळून लावतात, शेक देतात. गाठ बसते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उठते. पापणी उलटून पाहिली तर आत पिवळसर, टणक उंचवटा. तेवढ्याच पट्ट्यातले केस झडलेले. कधी गाठ नसतेच, एकच डोळा महिनोन्महिने लाल राहतो. उतारवयात पुन्हा उठलेली गाठ खरवडून कचऱ्यात टाकणं मला तरी अक्षम्य वाटतं. तो तुकडा पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. त्यासाठी मुंबई गाठायला नको, शहरात घाटी रुग्णालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

‘चाकू लागला की पसरतो’ हा दुसरा आक्षेप. पसरायला त्याला चाकू लागत नाही. हयगय केली, की तो आपसूक कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो. शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची काही मिलिमीटर निरोगी कातडीही काढतात आणि कडा स्वच्छ आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाव पापणी गेली तरी उरलेल्या कडा बहुधा थेट जोडता येतात. खालच्या पापणीचा मोठा भाग गेला, तर वरच्या पापणीचा आतला पदर खाली ओढून शिवतात. डोळा काही आठवडे मिटलेला राहतो, मग तो पदर कापून उघडतात. ‘ऑपरेशनमध्ये डोळाच काढला’ ही वदंता बहुधा याच आठवड्यांत उठत असावी. डोळा खरोखर काढावा लागतो, तो गाठ खोबणीत शिरल्यावर.