घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरलात? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो. महाडीबीटी स्कॉलरशिपची कागदपत्रं, नीट-सीईटीच्या नोट्स, निकाहचे फोटो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब, सगळं त्यातच. पासवर्ड मात्र थोरल्या मुलाने टाकलेला, आणि तो नोकरीसाठी पुण्याला नाहीतर सौदीला. अशा वेळी घाई केली तर कॉम्प्युटर उघडतो, पण आतलं सगळं जातं. खालची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी हे तपासा
कॅप्स लॉक चालू आहे का? कीबोर्ड मराठी किंवा उर्दूवर तर गेलेला नाही ना? भाषा स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात दिसते. पिन विसरला असाल तर ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये जाऊन पासवर्ड टाकून बघा. पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर
ईमेल टाकून खातं बनवलं असेल तर मोबाइलवरूनही पासवर्ड बदलता येतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ‘फरगॉट पासवर्ड’ निवडा. कोड नोंदवलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर येतो. नंबर परदेशातल्या भाईजानचा असेल तर त्यांना फोन लावूनच हे काम करा. नंतर कॉम्प्युटर इंटरनेटला जोडा, नाहीतर तो नवा पासवर्ड घेणार नाही. जुना नंबर आणि ईमेल दोन्ही बंद असतील आणि सगळी सुरक्षा माहिती बदलावी लागली, तर ३० दिवस थांबावं लागतं. म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

लोकल खातं असेल तर
चुकीचा पासवर्ड टाकून ओके दाबा. खाली ‘रिसेट पासवर्ड’ येईल. खातं बनवताना दिलेल्या तीन प्रश्नांची तीच उत्तरं द्या, नवा पासवर्ड टाका. प्रश्न ठेवले नसतील, पण घरात दुसऱ्या कुणाचं ॲडमिन खातं असेल, तर ते उघडून कंट्रोल पॅनलच्या ‘यूजर अकाउंट्स’मधून पासवर्ड बदलता येतो.

काहीच जमलं नाही तर
शेवटचा उपाय म्हणजे विंडोज नव्याने टाकणं. त्यात फाइली पुसल्या जातात. म्हणून मेकॅनिकला आधी हार्ड डिस्क काढून फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सांगा. डिस्कला बिटलॉकर लागलेलं असेल तर मात्र ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यातच साठवलेली असते. की नसेल तर मेकॅनिकलाही फाइली वाचता येणार नाहीत.

फसवणुकीपासून सांभाळा
गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन लावू नका. कुणालाही ओटीपी सांगू नका, एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आजच करून ठेवा
खात्याला घरातल्या दोघांचे नंबर जोडा. दुसरं एक ॲडमिन खातं बनवा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा, आणि तो कागद कुठे आहे हे अम्मीलाही माहीत असू द्या.