सहा मिलीमीटरचं वेल्डिंग



शिक्षणाने मी मेकॅनिकलवाला, पोटापाण्यासाठी आयटीवाला. कामानिमित्त नॉर्वेत स्टॅव्हँगरला होतो, तेव्हा एका रविवारी तिथल्या पेट्रोलियम म्युझियममध्ये गेलो. तिथे एका तरंगत्या रिगचा तुटलेला तुकडा ठेवलाय. त्याच्यासमोरून पाय निघेना.

रिगचं नाव 'अलेक्झांडर किलँड'. पाच खांबांवर तरंगणारी, १९७६ साली फ्रान्समध्ये बांधलेली. डिझाइन ड्रिलिंगचं, पण उत्तर समुद्रात ती वापरली कामगारांच्या राहण्यासाठी. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात तिचे खांब जोडणाऱ्या नळ्यांपैकी डी-६ ही नळी तुटली. भार शेजारच्या पाच नळ्यांवर आला, त्याही तुटल्या आणि एक अख्खा खांबच निखळला. वीसेक मिनिटांत रिग उलटली. २१२ पैकी १२३ माणसं गेली.

चौकशी आयोगाने मूळ शोधलं. डी-६ ला भोक पाडून हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या उपकरणाची, बैठक बसवली होती. वेल्डिंग फक्त ६ मिमीचं. बैठकीवर भार नाही, मग काळजी कशाला? पण भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे रिग यार्डात असतानाच तडा होता! पुढे प्रत्येक लाट तो थोडाथोडा वाढवत गेली.

अशा रचनांचा आयुष्यभराचा खर्च मांडायचं सूत्र तसं सोपं आहे: बांधणी, अधिक तपासणी-दुरुस्ती, अधिक मोडण्याची शक्यता गुणिले मोडल्यावरचं नुकसान. बांधताना पोलाद वाचवलं की पहिला आकडा कमी होतो, तिसरा वाढतो. सुवर्णमध्य काढायचा. गणित उत्तमच आहे. गोची एवढीच, की ज्या भागाला आपण 'किरकोळ' म्हणतो, त्याची शक्यता कुणी मांडतच नाही.

नॉर्वेने १९८४ च्या नियमांत यावर उत्तर दिलं: एखादा भाग तुटला तरी सगळी रचना कोसळता कामा नये. 'तुटेल का?' या प्रश्नाच्या जोडीला 'तुटलंच तर?' हा प्रश्न आला. आयोगाचे एक सदस्य, ट्रॉन्डहाइमचे प्राध्यापक टॉर्गेर मोआन, यांनी पुढे कुठे आणि कधी तपासायचं हे शक्यतेच्या हिशेबाने ठरवण्यावर बरंच काम केलं.

आता माझं सांगतो. एकदा मी एका क्लायंटच्या सिस्टिममध्ये लॉगची फक्त एक ओळ घातली. "यात काय टेस्ट करायचं?" असं मीच म्हणालो होतो. रात्रीत डिस्क भरली आणि सगळं बंद. नुकसान पैशांचं, निस्तरलं. त्या १२३ जणांच्या घरच्यांना ती सोय नव्हती.

तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये कुणी "छोटासाच चेंज आहे" म्हणालं, की मी खुर्ची पुढे ओढतो.

स्ट्रक्चरवाल्यांनी चुका जरूर दाखवाव्यात. चू.भू.द्या.घ्या.