११२ ची कुळकथा

रात्री-अपरात्री अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीतून कुणी ११२ हा मदतीचा क्रमांक लावला, तर तो फोन वाजतो थेट नवी मुंबईत. फोन घेणारी व्यक्ती तक्रार आणि ठिकाण संगणकावर नोंदवते. ती नोंद सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात उतरते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निघायचा निरोप जातो. गाडीतल्या पडद्यावर घटनास्थळ दिसते, आणि गाडी कुठवर पोहोचली ते कक्षाला कळते. नवी मुंबईवर ताण आला तर नागपूरचे दुसरे केंद्र फोन घेते.

या व्यवस्थेचे मूळ लंडनच्या एका आगीत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्याने फोन उचलला, पण एक्स्चेंजच्या रांगेत तो अडकून पडला. पाच स्त्रिया दगावल्या. संतापलेल्या शेजाऱ्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले, चौकशी बसली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा मदतीचा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेतला ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी वाजला, तो न्यूयॉर्कमध्ये नव्हे, अलाबामातल्या हॅलीव्हिल या छोट्या गावी. दुधनीसारख्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे मात्र आकडे वाढतच गेले. पोलिसांना १००, आगीला १०१. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती नियंत्रण कक्ष उभे केले. त्यांचा क्रमांक १०७७. ऑक्टोबर २०२० मध्ये अक्कलकोट तालुक्यात पुराने शेते खरवडून नेली. असा कक्ष कशासाठी हवा, ते तेव्हा या भागाला कुणी वेगळे सांगायची गरज उरली नाही. रुग्णवाहिकेचा १०८ हैदराबादेत २००५ साली सुरू झाला आणि २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ गाड्यांसह महाराष्ट्रात आला. इथल्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. या योजनेतले सर्वांत मोलाचे कलम तेच.

पण घाबरलेल्या माणसाने इतके आकडे आठवायचे कसे? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि सर्व मदतीसाठी एकच क्रमांक हवा, या विचाराला जोर आला. युरोपने १९९१ सालीच ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला होता. भारतानेही तोच घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशाने सुरुवात केली. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये आला.

हे सारे क्रमांक येण्याआधी खेड्यात हाक जायची पाटलाकडे. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, १९६७ च्या अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. घर कुणाचे, वाट कुठून, ओढ्याला पाणी किती, हे त्याला विचारावे लागत नसे. ही माहिती नवी मुंबईत बसलेल्याकडे असणार कुठून? म्हणूनच गाडी धाडण्याचे काम जिल्ह्याच्या हाती ठेवले, ते योग्य झाले. त्यात गावपातळीवरच्या पोलीस पाटलालाही पक्के जोडून घ्यायला हवे.

दुधनीची अडचण आणखी वेगळी आहे. कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर, घराघरांत कन्नड, आणि मोबाइल कधी कोणत्या राज्याचा टॉवर पकडेल याचा भरवसा नाही. कर्नाटकातही ११२ आहेच, पण तिथली गाडी वेगळी, ठाणे वेगळे. तेव्हा फोन लागताच आधी ठिकाण सांगा: महाराष्ट्र, सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका, दुधनी. मग जवळची ठळक खूण, मग काय घडले ते. पलीकडून विचारतील त्याची उत्तरे द्या, त्यांनी सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही हा पत्ता आजच पाठ करून घ्या.