शब्दवेध : लंघन

आयुर्वेदात औषधाइतकेच महत्त्व ज्या उपचाराला आहे, तो म्हणजे लंघन.

संस्कृत ‘लङ्घ्’ म्हणजे ओलांडणे. दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि नियमाचे उल्लंघन याच धातूचे. ‘लघु’ त्याचा जवळचा नातेवाईक. चरकसंहितेने हे नाते नेमके हेरले: शरीराला हलकेपणा आणते ते लंघन. त्याचे तिथे दहा प्रकार आहेत. उपवास त्यांतला फक्त एक. तहान सोसणे, ऊन, वारा, व्यायाम हीदेखील लंघनेच!

‘उपवास’ म्हणजे शब्दशः जवळ राहणे; ते देवाजवळ, असे मानले जाते.

आता उपाशी राहण्याशी जोडलेला विज्ञानाचा शब्द पाहा. ‘ऑटोफॅजी’ ग्रीक आहे. स्वतःला खाणे असा त्याचा अर्थ. शास्त्रज्ञ ख्रिश्चियन द दूव्ह यांनी तो १९६३मध्ये रूढ केला. पेशी आपलेच जीर्ण भाग पडद्यात गुंडाळते, लायसोसोम या पेशीतल्या कप्प्यातल्या विकरांनी त्यांचे तुकडे करते आणि तो माल पुन्हा वापरते. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशींत ही क्रिया पाहिली, तिची जनुके शोधली. २०१६चे नोबेल त्यांना मिळाले.

पोषण तुटले की ही क्रिया वाढते. साबुदाण्याच्या खिचडीने मात्र इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन या क्रियेला आवर घालते. म्हणून एकादशीला थाळी खरोखर हलकी ठेवा. मधुमेह असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.