जुना पत्रा, नवा सांगाडा

जुन्या मोटारीचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. परंतु इंजिन उतरवून दुरुस्त करता येते. मोटार खऱ्या अर्थाने मरते ती पत्र्याच्या गंजाने. इंग्लंडमधील ‘एमजीबी’ या स्पोर्ट्‌स मोटारीचा इतिहास याची साक्ष देतो.

‘एमजी’ ही ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या नावाची आद्याक्षरे. 1929 साली हा कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी आला. त्या काळच्या गाड्यांत चॅसी वेगळी, तिच्यावर अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा. सुतार आणि पत्रेकाम करणारा मिळून अशी गाडी पुन्हा उभी करीत. 1962 मध्ये आलेल्या एमजीबीला मात्र वेगळी चॅसीच नव्हती. पत्र्याचे भाग जोडून घडवलेले कवच हेच तिचे शरीर आणि तोच तिचा कणा. उघड्या टपाच्या गाडीत तर दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे ‘सिल’वर, मोठा भार असतो. इंग्लंडची ओल आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ यांनी नेमक्या याच पट्ट्या आतून पोखरल्या.

वरून लांबी भरून रंग मारला की गाडी चकचकीत दिसते, पण कणा गेलेलाच राहतो. जाणता कारागीर सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी टेकू वेल्ड करतो. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि मग दार काही केल्या नीट बसत नाही. एक बाजू पुरी झाल्यावाचून तो दुसरीला हात लावीत नाही. दाराच्या फटी सारख्या आहेत ना, हे पक्के जोडण्याआधी पाहायचे, हा या विद्येचा पहिला धडा.

सप्टेंबर 1979 मध्ये अ‍ॅबिंग्डनने पन्नाशी साजरी केली. तोरणे उतरतात न उतरतात तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर 1980 मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

कथा येथेच संपायची. परंतु पत्रा दाबून भाग घडवणारे अनेक मूळ साचे शिल्लक होते. ब्रिटिश मोटर हेरिटेजने ते शोधून जमवले आणि 1988 पासून फॅरिंग्डन येथे एमजीबीची अख्खी कवचे नव्याने बनू लागली. 1992 ची एमजी आरव्ही8 याच कवचावर बेतलेली होती.

सगळा पत्रा बदलल्यावर गाडी जुनी म्हणावी काय? ज्याचा पत्रा वाचण्याजोगा आहे, त्याने तो वाचवावा. हातोडीच्या खुणांतही इतिहास असतो. परंतु जेथे कणाच गेला, तेथे मूळ साच्यातून निघालेले कवच हीदेखील परंपराच होय. बंद कारखान्याचे साचे भंगाराच्या भावाने विकणे सोपे असते. ते जपले गेले, म्हणूनच मालकांसमोर आज निवड तरी उरली.