आवाजाची शुद्ध प्रत

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. इ. स. १६०८ साली तेथे जन्मलेल्या नारायणाने पुढे जे सांगितले, ते श्रोत्यांपर्यंत पोचविण्यास मानवी कंठाखेरीज दुसरे साधन नव्हते. तो कंठ जेथवर पोचे तेथवर सभा बसे. आज त्याच पंचक्रोशीत रामनवमीचा उत्सव असो, हरिनाम सप्ताह असो वा लग्नाची वरात, मंडपाच्या कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर असतोच. तो कारखान्यातूनच आलेला असतो असे नाही. मोठ्या शहरातून किट आणायचे, ट्रान्सफॉर्मर निराळा घ्यायचा, डाख देऊन सारे जोडायचे आणि पत्र्याच्या पेटीत बसवायचे, हा मराठवाड्यातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी चालणारा उद्योग आहे. पेटी तयार झाली की तिच्यावर एक आकडा लिहिला जातो: १०० वॉट, २०० वॉट, क्वचित ५०० वॉट. तो आकडा आला कोठून, हा या लेखाचा विषय.

साहित्याच्या अभ्यासकांनी या भानगडीत कशासाठी पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की अ‍ॅम्प्लिफायरची मोजणी ही तत्त्वतः पाठचिकित्साच आहे. मूळ संहिता एक, तिची वाढवून केलेली नक्कल दुसरी. नकलेत काय गळले, काय घुसडले गेले आणि कोणता डाग कागदाचाच आहे, हे ठरवायचे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापताना डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीचा आधार घेतला, तो हेच प्रश्न समोर ठेवून. अभियंत्याच्या परिभाषेत गळालेल्या भागाचा हिशेब म्हणजे वारंवारता-प्रतिसाद, घुसडलेल्या भागाचा हिशेब म्हणजे विरूपण आणि कागदावरचे डाग म्हणजे खरखर व गुणगुण. उपमा येथवरच ताणावी. पुढे यंत्राचे आपले नियम आहेत.

सार्वजनिक सभांत ध्वनिवर्धक आला तेव्हा त्याचे माप वॉटांत नव्हते, माणसांत होते. शिकागो रेडिओ हे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर वारंवार दिसते. नावात शिकागो असले तरी हा व्यवसाय सिंधमधून मुंबईस आलेल्या मोटवाने कुटुंबाचा. त्यांतील नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविले. पुढे १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता व इतरांबरोबर तेही आरोपी होते, आणि निर्दोष सुटले. त्या सभांत यंत्राची परीक्षा एकच: शेवटच्या माणसाला शब्द कळला की नाही. कर्ण्याची घडणच अशी की थोड्या विजेत पुष्कळ आवाज निघावा. म्हणून घरगुती स्पीकरला जेमतेम पुरणाऱ्या शक्तीत कर्णा मैदान व्यापतो. त्या काळी वॉट विचारण्याची गरज फारशी कोणास भासली नसावी.

मोजणीला सूक्ष्मता आली ती वेगळ्या दारातून. १९२७ साली बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक नावेतून हडसन नदी ओलांडत असताना त्याला एक युक्ती सुचली आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावर टिपून ठेवली: नकलेचा काही अंश उलटा करून मुळाशी ताडायचा आणि जी चूक उरेल ती आपोआप कापायची. ही ऋण प्रतिपुष्टी. दूरध्वनीच्या लांब तारांसाठी निघालेले हे तत्त्व घरगुती संगीतापर्यंत पोचायला वीस वर्षे लागली. एप्रिल-मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटांच्या एका व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. पूर्ण शक्तीवरही विरूपण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये, ही त्यांची अट होती. आराखड्याबरोबर त्यांनी मोजणीचे आलेखही दिले, त्यामुळे घरी जोडणाऱ्यास आपली प्रत मूळ प्रतीशी ताडता येऊ लागली. घरगुती जोडणीच्या इतिहासात आम्हांस हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच वर्षी अमेरिकेतील हीथ कंपनीने किटांचा व्यवसाय आरंभला, आणि तिचे पहिले गाजलेले किट अ‍ॅम्प्लिफायरचे नव्हे, ऑसिलोस्कोपचे होते. मापनयंत्र आधी, मापायची वस्तू मागून!

आपल्याकडे किट आले ते मापाशिवाय. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा पासोड्या विठोबाचा परिसर येथून सुटे भाग गावोगाव गेले; ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतून आराखडेही गेले. ऑसिलोस्कोप मात्र अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतच राहिला. परिणामी आकडा लिहिणे हे जोडणाऱ्याच्या, त्याहून अधिक विकणाऱ्याच्या, कल्पनाशक्तीवर सोपविले गेले.

त्या कल्पनाशक्तीला वेसण घालायला यंत्रही लागत नाही, शाळेतले गणित पुरते. जपानच्या सान्यो कंपनीची एलए ४४४० ही चिप आपल्या बाजारात अपार खपली. मोटारीच्या टेपसाठी केलेली ही चिप १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालते. आता १२ व्होल्टांत आवाजाची लाट मध्यापासून वर ६ आणि खाली ६ व्होल्ट एवढीच हलू शकते. ४ ओहमच्या स्पीकरवर शक्ती काढायची तर शिखराच्या व्होल्टेजचा वर्ग करावा आणि रोधाच्या दुपटीने भागावे: ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार वॉट. दोन्ही बाजू पाठीला पाठ लावून, म्हणजे ब्रिज पद्धतीने, जोडल्या तर लाट १२ व्होल्टांची होते: १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॉट. ही तत्त्वतः कमाल. चिपमध्ये व्होल्ट-दोन व्होल्ट खर्ची पडतात ते वेगळेच. निर्मात्याने स्वतः १३.२ व्होल्टांवर ६ अधिक ६, ब्रिज केल्यास १९ वॉट, असे आकडे दिले आहेत. ६ हा आकडाही आमच्या सूत्राने येणाऱ्या ५.४ हून मोठा, म्हणजे लाटेची शिखरे थोडी कापली गेल्याचे गृहीत धरूनच तो दिलेला. आणि याच चिपचे तयार बोर्ड १०० वा २०० वॉट म्हणून विकले जातात! उरलेले वॉट कोठून येतात, हे पुसण्याची सोय नाही. ‘पीएमपीओ’ नावाची अक्षरे आपल्या घरांत अवतरली तीही अशीच. सर्वमान्य व्याख्या नसलेले माप ते. त्यात हजार वॉटही सहज बसतात.

ही लबाडी केवळ आपलीच, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतही साठच्या दशकात ‘संगीत-शक्ती’, ‘क्षणिक शिखर-शक्ती’ अशा नावांनी आकडे फुगविले जात. अखेर १९७४ साली तेथील व्यापार आयोगाने नियम केला, की अखंड शक्ती सांगावी आणि ती किती ओहमवर, कोणत्या वारंवारतेपासून कोणत्यापर्यंत व किती विरूपणासह, हेही सांगावे. २०२४ साली तो नियम अधिक कडक करून ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी विरूपण, अशा अटी ठरविल्या गेल्या.

घनसावंगीत बसून हे मोजता येईल काय? येईल. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रोध लावावा (नाहीतर शेजारी तक्रार करतील), भ्रमणध्वनीवरून शुद्ध स्वराची लाट सोडावी, आणि लाटेचे डोके कापले जाऊ लागते त्याच्या किंचित आधीचे व्होल्टेज वाचावे. ते १२.६५ असेल तर यंत्र २० वॉटांचे. स्वस्त मल्टिमीटर उच्च स्वरांवर खोटे बोलतो, म्हणून मोजणी १०० हर्ट्झच्या आसपास करावी. डोके कापलेले पाहायला ऑसिलोस्कोप हवा. तो आता पूर्वीइतका दुर्मीळ नाही. कारागिराला त्याचे ज्ञान कानाने असतेच. ‘आवाज फाटला’ असे तो म्हणतो, आणि हा शब्द ‘विरूपण’ या कोशातल्या शब्दाहून अचूक आहे: लाट खरोखरच शेंड्याला फाटलेली असते, आणि त्या फाटीतून मुळात नसलेले नवे स्वर जन्मतात.

मात्र एकाच आकड्यावर विसंबण्यातही फसगत आहे. पहिल्या पिढीतील कित्येक ट्रान्झिस्टर-अ‍ॅम्प्लिफायरांचे विरूपण पूर्ण शक्तीवर नगण्य भरे आणि मंद आवाजात ते कर्कश वाटत. दोन ट्रान्झिस्टर लाटेचा अर्धा अर्धा भाग उचलतात. त्यांच्या सांध्यावरचा खाचा मोठ्या लाटेत दिसत नाही, छोट्या लाटेला कुरतडतो. मोजणी खरी होती, जागा चुकली होती. बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी तर १९५० सालीच सुचविले होते, की वरच्या पट्टीतील घुसखोर स्वर कानाला अधिक बोचतात, तेव्हा त्यांना अधिक दोष द्यावा.

कीर्तनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच मुख्य. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे शेवटची रांग २० मीटरांवरून ४० मीटरांवर गेली तर चौपट वॉट हवेत. यजमान ते आणतोही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांची ओळख ज्या वरच्या स्वरांवर अवलंबून असते, ते कर्ण्यात व स्वस्त मायक्रोफोनात दबतात. उरलेले फाटीच्या कल्लोळात बुडतात. टाळ-मृदंगाचा ठेका कोसभर ऐकू जातो आणि अभंगाचा चरण पाचव्या रांगेत कळत नाही. निरूपणकार मग ओरडू लागतो, त्याने लाट आणखी फाटते.

या साऱ्यात कायद्याने मापन सक्तीचे केलेले ठिकाण एकच: ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल; रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. ती मोजणी मंडपाबाहेर होते आणि गोंगाट किती, एवढेच ती सांगते. मंडपातल्या पाचव्या रांगेत कोणता चरण पोचला, याची मोजणी कोणत्याच नियमात नाही.