काश्मीर किती दूर?

बुडापेस्टला निघालेल्या एका स्नेह्यासाठी हंगेरियन भाषेतील चार प्रवासोपयोगी वाक्यांची यादी मी तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशा येथील घाटावर बसून लिहून काढली, हा योगायोग विक्षिप्त खरा; तथापि परक्या मुलखातील मुसाफराला लागणाऱ्या शब्दांचा इतिहास आठवण्यास याहून योग्य स्थळ सापडणे कठीण होते. 1955 साली पुरातत्त्वज्ञ थापर यांनी येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आले, खापरे मिळाली; मात्र त्या मंडळींनी पैलतीरावरच्या माणसाला कोणत्या शब्दांत हाक मारली, हे कोणत्याही खापरावर उमटलेले नाही.

या खोऱ्यातला सुरत-बऱ्हाणपूर रस्ता नंदुरबारवरून जाई. 1615 मध्ये त्या वाटेने गेलेला इंग्रज वकील टॉमस रो दुभाष्यांच्या जिभेवर अवलंबून होता, आणि दुभाष्याच्या हाती सापडलेला वकील म्हणजे अर्धा मुका. त्याचाच देशबांधव टॉमस कोर्याट मात्र पायी हिंदुस्थानात पोहोचला, फारसी शिकून त्याने जहांगीरासमोर भाषण केले, आणि पाद्री टेरीने नमूद केल्याप्रमाणे, इंग्रजांच्या बिऱ्हाडातील एका कज्जेदलाल परटिणीला तिच्याच भाषेत बोलून सकाळी आठाच्या आत निरुत्तर केले. दरबारी भाषणापेक्षा मला हा दुसरा पराक्रम मोठा वाटतो. कारण पाठ केलेला प्रश्न कोणीही विचारील, अंगावर आलेले उत्तर समजणे ही खरी परीक्षा होय.

हंगेरीचाही असा एक पादचारी होता. कोरोशी चोमा शांदोर (त्या देशी आडनाव आधी येते) आपल्या ज्ञातीचे मूळ शोधण्यासाठी 1819 साली घरातून निघाला, आणि लडाखकडे वळून तिबेटी भाषेत इतका रमला की 1834 मध्ये कलकत्त्यास त्याचा तिबेटी कोश व व्याकरण छापले गेले. त्याच्या मातृभाषेला इंग्रजी पुस्तके दुर्घट म्हणतात. पण ‘हाझ’ म्हणजे घर आणि ‘हाझबान’ म्हणजे घरात, हे ऐकून मराठी माणसाने बिचकण्याचे कारण नाही. प्रत्यय नामाच्या पाठीशी जोडण्याची रीत त्याला जन्मजात आहे, आणि नामाला लिंग नसल्यामुळे एक मोठी कटकट वाचतेच.

पुन्हा तापीकाठी यायचे, तर खानदेशात 1818 नंतर कंपनीचा अंमल बसला. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारताना औट्रम या कंपनीच्या अधिकाऱ्याने भिल्लांच्या वस्तीत राहून, त्यांच्याबरोबर शिकार करून जो विश्वास संपादन केला, तो कचेरीतील दुभाष्यामार्फत मिळणारा नव्हता. पुढे ग्रीअर्सनच्या भाषापाहणीचा भिल्ली आणि खानदेशी बोलींवरील खंड 1907 साली निघाला. त्या पाहणीसाठी 241 शब्दांची व वाक्यांची एकच ठरीव यादी ठिकठिकाणी फिरवली गेली. तीत नाव विचारणे होते, घोड्याचे वय होते, आणि येथून काश्मीर किती दूर, असाही प्रश्न होता. तुलनेला ती यादी उत्तम. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्लाला आणि अहिराणी बोलणाऱ्या कुणब्याला काश्मीरचे अंतर कशाला हवे, हे यादी करणाऱ्या साहेबाला सुचले नसावे.

त्याऐवजी काशीचे अंतर विचारले असते, तर दक्षिणकाशी म्हणवणाऱ्या या प्रकाशाचा रहिवासी पायाखालच्या घाटाकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणाला असता, “आठेच शे.”